विधिमंडळाची दोन सभागृहे : परिषदेचे बळ किती?

विधानसभेची निवडणूक आली की अवघे राज्य ढवळून निघते. विधान परिषदेची निवडणूक मात्र अनेकांना निकालाच्या बातमीतूनच कळते. तरीही मुंबईतील विधान भवनात ही दोन्ही सभागृहे एकाच अधिवेशनात भरतात आणि राज्याचा बहुतेक प्रत्येक कायदा दोघांच्याही पुढे जातो. राज्यघटनेच्या १६८ व्या अनुच्छेदानुसार राज्यपाल, विधानसभा आणि विधान परिषद मिळून महाराष्ट्राचे विधिमंडळ बनते. अशी दोन सभागृहे असलेली राज्ये आज देशात सहाच आहेत : महाराष्ट्र, कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार, आंध्र प्रदेश आणि तेलंगण.

आपल्याकडील द्विसदनी पद्धत महाराष्ट्र राज्यापेक्षा जुनी आहे. १९३५ च्या कायद्यान्वये मुंबई प्रांताला दुसरे सभागृह मिळाले आणि १९३७ मध्ये त्याचे कामकाज सुरू झाले. १९६० मध्ये राज्य स्थापन झाले तेव्हा ही रचना वारशानेच आली.

विधानसभेत २८८ आमदार असून ते थेट मतदारांकडून पाच वर्षांसाठी निवडले जातात. परिषदेचे गणित गुंतागुंतीचे आहे. तिच्या ७८ सदस्यांपैकी ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात, २२ जणांना महापालिका, नगरपालिका व जिल्हा परिषदांसारख्या स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतून प्रत्येकी सात जण येतात. उरलेल्या १२ जणांची नियुक्ती राज्यपाल करतात. परिषद कधीही विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि प्रत्येकाची मुदत सहा वर्षांची असते. विधानसभेसाठी किमान वय २५ आहे, परिषदेसाठी ३०. विधानसभेच्या पीठासीन अधिकाऱ्यास ‘अध्यक्ष’ म्हणतात, परिषदेच्या ‘सभापती’. बातम्यांतही या दोन शब्दांची वारंवार गल्लत होते.

अधिकारांचा तराजू उघडपणे विधानसभेकडे झुकलेला आहे. मंत्रिमंडळ केवळ विधानसभेलाच जबाबदार असते, त्यामुळे परिषदेत सरकार पडू शकत नाही. धनविधेयक परिषदेत मांडता येत नाही, ते तेथे फार तर १४ दिवस राहू शकते. सर्वसाधारण विधेयक परिषद पहिल्या खेपेस तीन महिने अडवू शकते. विधानसभेने ते पुन्हा मंजूर केल्यास आणखी एक महिना. त्यानंतर परिषदेचा विरोध असला तरी ते संमत झाल्याचे मानले जाते. संसदेत लोकसभा व राज्यसभेची संयुक्त बैठक बोलावता येते, तशी सोय राज्यात नाही. राष्ट्रपतींच्या आणि राज्यसभेच्या निवडणुकीतही परिषदेच्या सदस्यांना मत नसते.

मग हे सभागृह निव्वळ शोभेचे का? तसे म्हणता येणार नाही. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे १९६० पासून १९७८ पर्यंत परिषदेचे सभापती होते. ग. दि. माडगूळकर, ना. धों. महानोर यांच्यासारखे साहित्यिक याच सभागृहात बसले. राजकीयदृष्ट्याही परिषद अनेकदा निर्णायक ठरली. कोणत्याही सभागृहाचा सदस्य नसलेल्या मंत्र्याला सहा महिन्यांत निवडून यावे लागते. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्री झालेले उद्धव ठाकरे मे २०२० मध्ये, करोनामुळे लांबलेल्या निवडणुकीत मुदत संपण्याच्या काही दिवस आधी परिषदेवर बिनविरोध निवडून आले. त्यांचे सरकार डळमळले तेही परिषदेच्याच निवडणुकीच्या रात्री. २० जून २०२२ रोजी दहा जागांसाठी मतदान झाले. निवडून येण्यास पहिल्या पसंतीची सुमारे २६ मते लागत होती. राज्यसभेप्रमाणे येथे पक्षाच्या प्रतिनिधीला मत दाखवावे लागत नाही, मतदान गुप्त असते. मते फुटली, भाजपचे पाचही उमेदवार विजयी झाले आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे समर्थक आमदारांसह सुरतकडे निघाले.

या सभागृहाची खरी दुखरी नस मात्र रिक्त जागांची आहे. साहित्य, शास्त्र, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतील १२ सदस्यांची नावे महाविकास आघाडी सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये राज्यपालांकडे पाठवली. त्यांवर निर्णय झाला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पुढच्या सरकारने ती यादी मागे घेतली. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जणांची नियुक्ती झाली. म्हणजे चार वर्षे ही बारा आसने रिकामीच. स्थानिक संस्थांच्या निवडणुका रखडल्याने मतदारच उरले नाहीत आणि त्या गटातील जागाही मुदत संपताच एकेक करून रिकाम्या होत गेल्या. सभापतिपदही जुलै २०२२ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत रिक्त होते. त्या काळात उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी कामकाज चालवले. नंतर राम शिंदे सभापती झाले.

परिषद नको असेल तर मार्ग आहे. विधानसभेने एकूण सदस्यांच्या बहुमताने आणि उपस्थितांपैकी दोन तृतीयांश मतांनी ठराव करायचा, मग संसदेने कायदा करायचा. तमिळनाडूने १९८६ मध्ये परिषद अशीच मोडीत काढली. आंध्र प्रदेशाने ती १९८५ मध्ये रद्द केली, २००७ मध्ये परत आणली. जानेवारी २०२० मध्ये राजधानीविषयक विधेयके परिषदेत अडकताच पुन्हा रद्द करण्याचा ठराव केला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो मागेही घेतला.