किमया, पापडखार आणि एका सत्राची आखणी



मी बी. ए., बी. एड.; माझा विषय इतिहास. तरीही एका वर्षी विज्ञान शिक्षकाची जागा भरेपर्यंत दहावीचा विज्ञान भाग पहिला माझ्याकडे सोपविण्यात आला. (शाळा कोणती, हे सांगण्याचे कारण नाही.) त्या पुस्तकात रसायनाचे धडे चार : मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे, धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे. टाचण वही उघडली आणि पहिल्याच ओळीला अडलो. आधी काय शिकवायचे? इतिहासात १८५७ नंतर १८८५ येते. तिथे शिक्षकाला निवड नसते. रसायनात मात्र ती असते, हे मला प्रथमच उमगले.

सवयीप्रमाणे मी इतिहासाकडे वळलो. इराणातील रय शहरचे हकीम अबू बक्र अल्-राझी (जन्म सुमारे ८६५) यांचा ‘किताब अल्-असरार’ हा ग्रंथ पाहा. नावात ‘रहस्ये’ आहेत, पण मांडणीत काहीच लपवलेले नाही. आधी पदार्थ, मग उपकरणे, मग कृती! पदार्थांचेही खनिज, वनस्पतिज आणि प्राणिज असे वर्ग पाडलेले. सोने करण्याची आशा त्या काळच्या विद्वानांप्रमाणे त्यांनाही होतीच. ती फोल ठरली. परंतु हा क्रम टिकला. प्रयोगवहीत ‘साहित्य’ आणि ‘कृती’ हे मथळे लिहिताना आपण त्याच वाटेने जात असतो.

दुसरे उदाहरण मेंडेलीव्हचे. १८६७ साली तो सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात रसायनाचा प्राध्यापक झाला. विद्यार्थ्यांना देण्याजोगे रशियन पुस्तक मिळेना, म्हणून स्वतःच लिहू लागला. पहिला भाग संपत आला तेव्हा हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन आणि हॅलोजन एवढ्यांचीच मांडणी झाली होती. त्या वेळी ६३ मूलद्रव्ये ज्ञात होती. बाकीची सारी दुसऱ्या भागात कशी बसवायची? या विवंचनेतूनच १८६९ ची आवर्त सारणी निघाली. म्हणजे मुलांना जी पाठ करताना घाम फुटतो, ती सारणी मुळात एका शिक्षकाची धड्यांची आखणी होती. तिच्यात त्याने रिकाम्या जागाही ठेवल्या. १८७५ मध्ये गॅलियम सापडले आणि त्यांतली एक भरली.

क्रमाचे असे काही उमजले. पण आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती शब्दांची.

वाचकहो, नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात. (लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये.) त्या राज्यात १९१७ साली हैदराबादेत भाषांतर विभाग, म्हणजे दारुल-तर्जुमा, निघाला. १९१९ पासून उस्मानिया विद्यापीठात वर्ग भरू लागले, आणि विज्ञानासह उच्च शिक्षण उर्दूतून मिळू लागले. या विभागाचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक हे आपल्या मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, शाळांचे निरीक्षक होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कामही ते तेथूनच पाहत. पारिभाषिक शब्द अरबीतून घ्यावेत की उर्दूच्या स्वतःच्या घडणीतून करावेत, यावर मोठा वाद झाला. वहीदुद्दीन सलीम यांनी तर १९२१ मध्ये ‘वज़्अ-ए-इस्तिलाहात’ हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. ते शब्द विद्यापीठातून गेले. उर्दू माध्यमाच्या शाळांत मात्र त्यांतले काही राहिले.

परिणाम असा की आपली मुले तीन भाषांच्या कुंपणावर बसून रसायन शिकतात. घरात उर्दू, बाजारात मराठी, आणि अकरावी विज्ञानाला इंग्रजी. लातूरच्या शिकवणीला पाठवलेला हुशार मुलगाही पहिल्या महिन्यात गप्प होतो. त्याला विषय कळत नाही असे आपण समजतो. पुष्कळदा अडतो तो शब्दाला. ‘क्षार’ हाच शब्द घ्या. हिंदी पुस्तकात क्षार म्हणजे अल्कली. मराठी पुस्तकात क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी मिळून होणारा पदार्थ, ज्याला हिंदीत लवण म्हणतात. आणि आईच्या डब्यातला पापडखार? तो अल्कलीच्या बाजूचा! तिथे शब्दाचा जुना अर्थ शाबूत आहे. ‘अल्कली’ तरी कुठला? अरबी ‘अल्-कली’, खाऱ्या जमिनीतील झुडपांची राख. आपला सज्जीखारही तसाच होई. त्यावरून ‘कॅलियम’ हे नाव आले, आणि म्हणून पोटॅशियमची खूण आज जगभर ‘के’ आहे. दुसरीकडे उर्दूतला ‘तुर्शा’, मराठीतले ‘आम्ल’ आणि लॅटिनवरून आलेले ‘ॲसिड’, तिन्हींचा मूळ अर्थ एकच : आंबट.

हे ध्यानात घेऊन मी सत्र आखले. पहिला आठवडा नववीच्या आम्ल-आम्लारींच्या उजळणीला दिला. साहित्य घरचे : लिंबू, पापडखार, चुन्याची निवळी आणि हळद. हळदीवर चुना पडला की ती लाल होते, हे मुलींना कुंकवामुळे आधीच माहीत होते. बोअरच्या पाण्याने बादलीत बसलेल्या पांढऱ्या थरावर लिंबू पिळले की बुडबुडे येतात, हे मात्र कोणी पाहिले नव्हते. प्रत्येक पदार्थापुढे मुलांनी तीन रकाने आखून तिन्ही भाषांतील नावे लिहिली. नंतर अभिक्रिया आणि समीकरणे घेतली. वर्गीकरण पुस्तकात त्यांच्या आधी असूनही मी मागे ठेवले. आधी माणसे भेटावीत, मग गावाचा नकाशा दाखवावा. यावर अनुभवी शिक्षकांचे मत वेगळे असू शकेल.

धातुविज्ञानासाठी कल्हईवाल्या चाचांना शाळेत बोलावले. त्यांनी पितळी पातेले भट्टीवर तापवले, नवसागर फिरवला, पांढरा धूर निघाला आणि कथलाचा हात देताच आतून चांदीसारखे लकाकले. नवसागर म्हणजे उर्दूतला नौशादर; राझींच्या ग्रंथात तो पारा आणि गंधकाच्या पंगतीला आहे. चाचांना हे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “त्या हकीमसाहेबांना नवसागर काय भावाने मिळत होता?” वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने मात्र हात वर केला : धूर पांढराच का?

ते मला त्या दिवशी सांगता आले नाही. पुढच्या तासाच्या टाचणात तो प्रश्न पहिल्या ओळीवर लिहिला.