तोंडाला रुमाल बांधणारा प्रत्येक जण चोर नसतो

२६ फेब्रुवारी २०२४. आपल्या अंबड तालुक्यात संचारबंदी लागली, जालन्यासह तीन जिल्ह्यांत नेट बंद झालं. तेव्हा मला एकाने सल्ला दिला, "व्हीपीएन टाका, चालू होतं." नाही होत, भाऊ. रस्ताच बंद असेल तर तोंडाला रुमाल बांधून गाडी कुठं न्यायची? मग हा रुमाल असतो कशासाठी? त्यासाठी जरा मागं जाऊ.

ऑगस्ट १९४२. 'छोडो भारत'ची हाक दिली आणि गांधीजींसह सगळे मोठे नेते तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा मुंबईत २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी २७ ऑगस्टला गुप्त 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला. दाबलेल्या बातम्या लोकांपर्यंत जाऊ लागल्या. पोलीस मागावर होते, म्हणून ट्रान्समीटर या घरातून त्या घरात हलवत राहायचे. आवाज सगळ्यांना ऐकू जायचा, पत्ता मात्र कुणाला कळायचा नाही. १२ नोव्हेंबरला ते पकडले गेले. का? त्यांच्यातल्याच एका तंत्रज्ञाने ठिकाण दाखवलं म्हणून. यंत्राने दगा दिला नाही, माणसाने दिला.

आजचं 'टोर' हेच काम करतं. त्याची मूळ कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत निघाली. कांद्याच्या पापुद्र्यांसारखी निरोपावर कुलपांची आवरणं चढतात आणि तो तीन टप्प्यांतून जातो. पहिल्या टप्प्याला तुम्ही कोण ते कळतं, पण कुठं चाललात ते नाही. शेवटच्याला कुठं ते कळतं, पण कोण ते नाही. व्हीपीएनचं तसं नाही. तिथं सगळा भरवसा एकाच कंपनीवर. शिवाय २०२२ च्या केंद्राच्या निर्देशांनुसार अशा कंपन्यांनी ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवायचे आहेत.

आणि १९४२ चा धडा इथंही लागू आहे. टोर लावून स्वतःच्याच नावाच्या खात्यात शिरलात, तर रुमाल बांधून छातीवर नावाची पाटी लावल्यासारखं झालं.

"तुला लपवायचंय काय?" असं विचारणारे भेटतातच. त्यांना एवढंच सांगा, घरचं पत्र आपण पाकिटात घालून चिकटवायचो, ते काय चोरीचा माल म्हणून? आपल्या दुखण्याबद्दल शोधणारी बाई, कामातला घोटाळा उघड करणारा कर्मचारी, यांना आडोसा लागतोच. या आडोशाचा गैरवापर करणारेही आहेत, ते नाकारत नाही. पण त्यांच्यासाठी कायदा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

तो हक्क अंबडच्या माणसालाही तेवढाच आहे. फक्त रुमाल कधी बांधायचा आणि तो किती झाकतो, हे आधी समजून घ्या.