चीनमधील मराठी विद्यार्थी

ह्युएनत्संग हा चिनी भिक्षु सातव्या शतकांत नालंदा येथें अनेक वर्षें शिकला. संस्कृत आत्मसात् करून तो देशभर हिंडला आणि इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रांतहि आला. त्यानें वर्णिलेला डोंगरांतील भव्य विहार अजिंठ्याचाच असावा, असें विद्वान् मानतात. चितेगांवच्या जिल्ह्यांतील ह्या लेण्यांची कीर्ति अशा रीतीनें एका विद्यार्थ्याच्या लेखणीनें चीनपर्यंत नेली.

भारतांतूनहि पंडित चीनमध्यें गेले. परंतु ते बहुधा शिकविण्यासाठीं. शिकण्यासाठीं जाणारा विरळाच. १९३७ मध्यें शांतिनिकेतनांत चीनभवन निघालें आणि चिनी विद्येच्या अभ्यासास येथें चालना मिळाली. पुढें १९४७ मध्यें भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर जे तरुण पेकिंग विद्यापीठांत गेले, त्यांत वसंत वासुदेव परांजपे हे मराठी विद्यार्थी होते. १९४९ च्या जानेवारींत तें नगर कम्युनिस्ट सैन्याच्या हातीं गेलें. जुन्या चीनची विद्या शिकावयास गेलेल्यांपुढें नवा चीन उभा राहिला!

१९५४ च्या ऑक्टोबरांत पंडित नेहरू व माओ यांची पेकिंगला भेट झाली, तेव्हां परांजपे यांनीं दुभाष्याचें काम केलें. अशा वेळीं एक शब्द चुकला तरी दोन राष्ट्रांच्या मनांत किंतु उत्पन्न होतो.

भाषा जाणल्यानें युद्ध टळतेंच असें नाहीं; १९६२ नें तें दाखविलें. तथापि शेजाऱ्याचें बोलणें परक्याच्या भाषांतरांतून ऐकणाऱ्या राष्ट्रास त्याची पारख कशी व्हावी?