इतिहासाची तालीम

शाळेतले ऐतिहासिक नाटक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फेटे, पुठ्ठ्याच्या तलवारी आणि लांबलचक स्वगते उभी राहतात. ही हौस आपल्याकडे जुनी आहे. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक १८६१ सालचे; तेव्हापासून इतिहास आणि नाटक यांचा संसार चालू आहे, आणि संसार म्हटला की कुरबुरी आल्याच. नाटकाला रंग हवा असतो, इतिहासाला आधार हवा असतो.

आंतरशालेय स्पर्धेसाठी मुलांकडून नाटक बसवून घेणाऱ्या धुळे-जळगावकडील शिक्षकाला ही कुरबूर रोज तालमीत ऐकावी लागते. विषयासाठी मात्र त्याला लांब जावे लागत नाही. १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी थाळनेरचा किल्ला घेतला आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी दिले. १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक सातपुड्यात लढला. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. परंतु मुलांना वयाने जवळचा विषय एकच: ९ सप्टेंबर १९४२, नंदुरबार.

नंदुरबार १९९८ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. त्या काळी ते पश्चिम खानदेशात होते आणि जिल्ह्याची कचेरी धुळ्याला होती. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. महिनाभराने नंदुरबारला विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली आणि पोलिसांनी तिच्यावर गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण गेले.

तालमीत पहिला प्रश्न निघतो तो वयाचा. शिरीषकुमार सोळा वर्षांचा होता असे सर्रास सांगतात. त्याचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. मुलांना फळ्यावर वजाबाकी करू द्यावी. उत्तर येते पंधरा वर्षे, आठ महिने, बारा दिवस. दहावीतला मुलगा हे उत्तर पाहतो आणि न सांगता आपले वय त्याच्याशी ताडून बघतो. त्यानंतर त्याला रंगभूषेची आणि भारदस्त आवाजाची गरज उरत नाही.

दुसरा प्रश्न भाषेचा. शिरीषकुमारच्या घरची भाषा गुजराती. त्याच्या तोंडी पुस्तकी मराठीतले पल्लेदार भाषण घातले, तर टाळ्या पडतील. पण तो मुलगा नंदुरबारचा राहणार नाही. त्यापेक्षा त्याला चार शब्द घरच्या भाषेत बोलू द्यावे, बाजारातल्या गर्दीला अहिराणी बोलू द्यावी. ज्या मुलांना एरवी बोलताना संकोच वाटतो, तीच मुले मग गर्दी जिवंत करतात.

तिसरा प्रश्न अवघड आहे. पोलिसांनी मुलींवर बंदूक रोखली, तेव्हा शिरीषकुमार पुढे झाला आणि ‘मला मारा’ म्हणाला, असे सांगतात. हा प्रसंग गाळावा असे कोणीच म्हणणार नाही. पण जे पिढ्यांनी ऐकले आहे ते ऐकलेले म्हणूनच यावे. एखादी म्हातारी नातवंडांना तो सांगत आहे असे दाखवले, तर आख्यायिकेचा मान राहतो आणि इतिहासाचाही.

पोलीस व्हायला कोणीच तयार नसतो. मग वर्गातल्या सर्वांत दांडगट पोराला उभे करतात आणि मिशा रंगवतात. हे बरे नव्हे. हुकूम परक्या सरकारचा होता. पण त्या काळच्या जिल्हा पोलिसांतले शिपाई बहुतेक आपल्याच देशाचे असत. पगारासाठी आणि हुकमासाठी माणूस काय करू शकतो, हे ज्या मुलाला समजू शकेल त्यालाच हे काम द्यावे. नाटकातले सर्वांत जड काम तेच आहे.

आणि शेवटी, गेले ते पाच. स्पर्धेला एक नायक सोयीचा पडतो. बक्षीसही उत्कृष्ट अभिनयाला एकालाच असते. म्हणून बाकीचे चौघे पडद्याआड मरतात. पाचही नावे रंगमंचावरून एकदा तरी सावकाश उच्चारली गेली पाहिजेत. शिक्षक रोज हजेरी घेतो, तशीच.

इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात वारले ते ३१ डिसेंबर १९२६ रोजी. त्याच जिल्ह्यात शिरीषकुमारचा जन्म होऊन तेव्हा तीन दिवस झाले होते. गावोगाव हिंडून, माळ्यांवरची दप्तरे उघडून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढणारा हा माणूस कागदाशिवाय बोलू नये असे म्हणे. नाटक बसवण्याआधी मुलांना एक दिवस धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात न्यावे आणि जुन्या कागदाला हात न लावता तो पाहायला सांगावे. दुसऱ्या दिवशी नंदुरबारच्या माणिक चौकातल्या हुतात्मा स्मारकापुढे उभे करावे. तालीम तिसऱ्या दिवशी सुरू झाली तरी उशीर होत नाही. ढाल मिळाली तर शाळेच्या कपाटात राहील. न मिळाली तरी पाच नावे मुलांबरोबर घरी जातील.