दवंडी आणि वाद

संशोधनाच्या जगात सध्या एक मत इतके रुजले आहे की ते सिद्ध करण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. ट्विटर हा विद्वानांचा चव्हाटा होता. तिथे आपला पेपर सांगितला की वाचक येत, वाचक आले की सायटेशन वाढत. ऑक्टोबर २०२२मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलर मोजून तो विकत घेतला, पुढच्या जुलैत त्याचे ‘एक्स’ झाले आणि चव्हाटा मोडला. तेव्हा विद्यापीठांनी, नियतकालिकांनी, प्रकाशकांनी आता ब्लूस्काय, लिंक्डइन, मॅस्टोडॉन, जिथे माणसे गेली तिथे नव्याने पाल ठोकावे. हा झाला पूर्वपक्ष.

तो मांडणारे उथळ नाहीत आणि त्यांच्या पदरी पुरावाही आहे. २०११ साली गुंथर आयझेनबाख यांनी दाखवले की ज्या पेपरांवर ट्विटचा पाऊस पडतो, ते पुढे भरपूर सायटेशन मिळवण्याची शक्यता इतरांच्या ११ पट असते. (पेपर होते ‘जर्नल ऑफ मेडिकल इंटरनेट रिसर्च’मधले आणि आयझेनबाख त्याच नियतकालिकाचे संपादक. असो.) त्याहून वजनदार पुरावा छातीच्या शस्त्रक्रियातज्ज्ञांचा. त्यांनी ११२ पेपर घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे अर्धे निवडून ट्विट केले आणि अर्धे तसेच ठेवले. वर्षभराने ट्विट झालेल्यांची सायटेशन सरासरी ३.१ने वाढली होती, उरलेल्यांची ०.७ने.

पण तराजूचे दुसरे पारडेही बघायला हवे. हृदयरोगाच्या ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकाने २४३ पेपरांवर असाच प्रयोग करून तो २०१५ साली छापला. समाजमाध्यमांवर टाकलेले पेपर ३० दिवसांत साधारण ४०९ वेळा उघडले गेले, न टाकलेले ३९२ वेळा. म्हणजे काहीच फरक नाही. २०२४ साली ‘प्लॉस वन’मध्ये आलेला प्रयोग मला सर्वांत नेटका वाटतो. ट्विटरवर चांगले बस्तान असलेल्या ११ शास्त्रज्ञांनी एकेक नियतकालिक निवडले. १० महिने दर महिन्याला त्यातला एक पेपर चिठ्ठीने काढून ट्विट केला आणि चार पेपर तुलनेसाठी बाजूला ठेवले. ट्विटच्या दिवशी पेपर उतरवून घेणाऱ्यांची संख्या तिपटीच्या आसपास गेली. तीन वर्षांनी सायटेशन मोजली, तर योगायोगापलीकडचा फरक सापडला नाही.

मग आधीचे ११ पट कुठून आले? पावसाळ्यात छत्र्यांचा खप वाढतो आणि कोयनेचे धरणही भरते. म्हणून धरण भरावे यासाठी कोणी छत्र्या वाटत नाही. जो पेपर मुळात दमदार असतो, त्याची चर्चाही होते आणि त्याला सायटेशनही मिळतात. शस्त्रक्रियातज्ज्ञांचा निकाल मात्र छत्रीच्या दृष्टान्ताने उडवून लावता येत नाही, कारण तिथेही चिठ्ठ्याच होत्या. पण क्षेत्र लहान, एकमेकांना ओळखणारे, प्रत्येक गटात ५६ पेपर आणि मुदत एका वर्षाची. एवढ्या भांडवलावर सगळ्या विद्याशाखांसाठी धोरण ठरवणे धाडसाचे आहे. सायटेशन देणारा माणूस पेपर लिहायला बसतो, डेटाबेसमध्ये शोधतो, ओळखीच्या पेपरांच्या संदर्भसूच्या चाळतो. मंगळवारी दुपारी अंगठ्याने सरकवलेले ट्विट त्याला त्या घडीला आठवत नाही.

प्रकाशक समाजमाध्यमांवर जे करतात त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: दवंडी. ‘आमच्या ताज्या अंकात वाचा’, खाली दुवा, सोबत निळसर चित्र. पोस्टखाली कोणी शंका विचारली तर उत्तर नाही, कारण दवंडी पिटणाऱ्याला सरकारी हुकमाचा अर्थ विचारायचा नसतो. आणि या दवंडीचे मापही निघाले आहे. पेपरशेजारी अल्टमेट्रिकचे रंगीत कडे दिसते, मध्ये आकडा. बातमीला अमुक वजन, ब्लॉगला तमुक. पण कौतुक आणि शिमगा यांना या मापात एकच भाव.

फेब्रुवारी २०२४मधला उंदीर आठवतो? ‘फ्रंटियर्स’च्या एका नियतकालिकात समीक्षकांच्या हाताखालून गेलेला पेपर. त्यातली आकृती कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेली. उंदीर मागच्या पायांवर उभा, जननेंद्रिय त्याच्या धडापेक्षा मोठे आणि बाण दाखवून ‘टेस्टॉमसेल्स’ असली अगम्य लेबले. लोक हसून बेजार झाले, प्रकाशकाने तीन दिवसांत पेपर मागे घेतला. त्या हसण्याने कड्यातला आकडा फुगतच गेला असणार.

पण या उंदराच्या गोष्टीतच समाजमाध्यमांचा खरा उपयोगही दिसतो, आणि तिथून माझे मंडन सुरू होते. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले: वाद, जल्प आणि वितंडा. तत्त्व कळावे म्हणून चालतो तो वाद, जिंकण्यासाठी जल्प, स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचे फक्त खोडून काढायचे ती वितंडा. ट्विटरवर वितंडा उदंड होती, हे कोण नाकारेल? पण अधूनमधून वादही झाला, आणि तो प्रकाशकांच्या दवंडीतून कधीच आला नाही.

डिसेंबर २०१०मध्ये ‘सायन्स’मधल्या पेपरने दावा केला की मोनो सरोवरातला एक जिवाणू डीएनएत फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरू शकतो. नासाने पत्रकार परिषद घेतली. दोनच दिवसांत रोझी रेडफील्ड या कॅनडातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी स्वतःच्या ब्लॉगवर त्याची चिरफाड केली: डीएनए नीट धुतलेला नाही, पोषकद्रवात फॉस्फेट शिल्लक आहे. नासाकडून उत्तर आले की विज्ञानाची चर्चा ब्लॉगवर करणे योग्य नव्हे. बाईंनी मग तो जिवाणू स्वतः वाढवून पाहिला आणि २०१२ साली त्यांच्या गटाचे खंडन ‘सायन्स’मध्येच छापून आले. मूळ पेपर मागे घ्यायला जुलै २०२५ उजाडला, तोही लेखकांच्या विरोधाला न जुमानता.

दुसरे उदाहरण घरचे. ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीतल्या काही संशोधकांनी प्रीप्रिंट टाकला: नव्या कोरोना विषाणूच्या काटेरी प्रथिनात एचआयव्हीशी जुळणारे चार तुकडे आहेत. अफवांना तेलच मिळाले. पण प्रीप्रिंटखालच्या प्रतिक्रियांत आणि ट्विटरवर जाणकारांनी लगेच दाखवून दिले की इतके आखूड तुकडे कितीतरी सजीवांत सापडतात. २ फेब्रुवारीला लेखकांनी प्रीप्रिंट मागे घेतला. एकीकडे दोन दिवस, दुसरीकडे साडेचौदा वर्षे.

या वादांची जागा पाहा. एक ब्लॉगवर, एक प्रीप्रिंटखाली. छापून आलेल्या पेपरांवर शंका घेण्यासाठी पबपीअर २०१२पासून चालू आहे, आणि त्याला मस्क यांच्या परवानगीची गरज पडत नाही. मालक बदलल्याने नुकसान झाले नाही असे मी म्हणत नाही. २०२३मध्ये फुकट डेटा मिळणे बंद झाले, तेव्हा समाजमाध्यमांचाच अभ्यास करणाऱ्यांच्या तोंडचा घास गेला. लहान गावातल्या प्राध्यापकाला जगातल्या मोठ्या माणसांची भांडणे घरबसल्या ऐकता येत, तेही गेले. हे ऐकणे मला सांगण्यापेक्षा कितीतरी मोलाचे वाटते. पण नव्या ठिकाणी पाल ठोका म्हणणाऱ्यांच्या हिशेबात ऐकण्याचा रकाना नसतो.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत तर हा चव्हाटा कधी ट्विटर नव्हताच. तो व्हॉट्सॲपवर आहे. आमच्या विषयाच्या ग्रुपवर रोज एक तरी पोस्टर येते: ‘इंटरनॅशनल, मल्टिडिसिप्लिनरी, पीअर रिव्ह्यूड’, इम्पॅक्ट फॅक्टर तीन दशांश स्थळांपर्यंत, शेवटची तारीख परवा, खाली पैसे भरायचा क्यूआर कोड. ग्राह्य नियतकालिकांची यूजीसीची केअर यादी २०१९ला आली, फेब्रुवारी २०२५मध्ये गेली. पोस्टरे आधीही होती, आताही आहेत. एकदा मी ग्रुपवर विचारले की यांचे समीक्षक कोण आहेत आणि एका आठवड्यात ते वाचतात तरी काय? अडीचशे सदस्य. एक अंगठा आला, मग कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक सुरू झाले. रात्री एका तरुण सहकाऱ्याचा खासगी निरोप आला. ‘सर, विचारलंत ते बरं केलंत. माझाही पेपर तिथेच आहे. पण ग्रुपवर नको.’