धवळ्यांचा अर्थ लावताना

महानुभाव पंथातली कवयित्री महदंबा हिचे ‘धवळे’ हाती घेतले की आजचा वाचक नावापाशीच अडतो. धवल म्हणजे पांढरे, एवढे त्याला ठाऊक असते. पण तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या या काव्याचा विषय आहे श्रीकृष्ण-रुक्मिणीचा विवाह. रंगाचा अर्थ इथे बसत नाही, ही पहिली खूण काव्यच देते.

दुसरी खूण गद्यात आहे. म्हाइंभटांच्या ‘गोविंदप्रभुचरित्रा’त ऋद्धिपूरचा प्रसंग नोंदलेला आहे. भक्तांनी पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या विवाहाचा घाट घातला आणि महदाइसेने, म्हणजेच महदंबेने, त्या वेळी धवळे गायले. धवळे हे लग्नगीत आहे, ते इथे ठरते. रायगड-ठाण्याकडच्या आगरी-कोळी लग्नांत आजही धवलारीण धवले गाते. सातशे वर्षांनंतरची ही चाल एकटी पुरावा ठरणार नाही. पण चरित्रातल्या नोंदीला ती भक्कम दुजोरा देते.

असाच दुसरा शब्द ‘राऊळ’. आपल्या कानाला ते देऊळ वाटते. चरित्रात मात्र राऊळ जेवतात, हसतात, रागावतात. क्रियापदेच सांगतात की लोक गोविंदप्रभूंना आदराने राऊळ म्हणत.

हे चरित्र वाचनीय रूपात आपल्या हाती आहे ते डॉ. वि. भि. कोलते यांच्यामुळे. पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेल्या कोलत्यांनी ते संपादित केले. 1978 साली त्यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’, म्हणजे चक्रधरांचे चरित्र, हेही प्रसिद्ध झाले. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक सकळ लिपीत होत्या. ती लिपी वि. का. राजवाडे यांनी उलगडली. पण अक्षर लागले म्हणून अर्थ लागत नाही. त्यासाठी पोथ्या एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्या लागतात.

प्रसंगावरून अर्थ लावण्याची दृष्टी आपल्याकडे जुनीच आहे. जेवताना ‘सैंधव आण’ म्हटले तर मीठ आणायचे, प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा, हे शास्त्रकारांचे प्रसिद्ध उदाहरण. अर्थ ठरवणाऱ्या त्या प्रसंगाला ते ‘प्रकरण’ म्हणतात. महानुभावांनीही पंथाचे संस्थापक चक्रधर यांचे कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले ते एका ग्रंथात जपले आणि त्या ग्रंथाला ‘प्रकरणवश’ असे नाव दिले.

म्हणून वर्गात ‘धवळे’ शिकवताना शब्दार्थांची यादी आधी देऊ नये. आधी ऋद्धिपूरचा प्रसंग वाचून दाखवावा. विद्यार्थी निम्मे शब्द स्वतःच ओळखतील. कोश उघडायचा तो उरलेल्यांसाठी.