पेशींच्या मृत्यूचा हिशेब

एचआयव्ही प्रतिकारशक्तीच्या पेशी मारतो, हे आपण आता इतक्या सहजपणे म्हणतो, की तो त्या नेमका मारतो कसा हे विचारावेसे कुणाला वाटत नाही. संशोधकांना हा प्रश्न तीस वर्षे पुरला. उत्तर हाती येण्याआधीच मरणाऱ्या पेशींची मोजदाद मात्र रुग्णांचे भवितव्य ठरवू लागली होती.

१९८१ साली अमेरिकेत पहिले रुग्ण आढळले, तेव्हाच त्यांच्या रक्तातील साहाय्यक टी पेशी जवळपास नाहीशा झालेल्या दिसल्या. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू सापडला; पुढच्याच वर्षी तो पेशीवरील सीडी४ या प्रथिनाला धरून आत शिरतो हे कळले. १९८६ मध्ये मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या) आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातील पहिले संसर्ग उघडकीस आणले.

याच सुमारास एक कोडे उभे राहिले. रुग्णाच्या रक्तात प्रत्यक्ष विषाणू निर्माण करणारी पेशी दहा हजारांत, कधी लाखात एखादीच सापडे. मग बाकीच्या मेल्या कशाने? १९९५ मध्ये दोन अमेरिकी गटांनी दाखवले, की वरवर शांत भासणाऱ्या वर्षांतही शरीरात रोज अब्जावधी विषाणू जन्मतात, आणि पेशींची झीज व भरपाई अखंड चालू असते. त्या काळाला 'सुप्तावस्था' म्हणण्याची सोय त्यानंतर उरली नाही. आपल्याकडच्या माहितीपत्रकांत मात्र तो शब्द पुढेही बराच टिकला.

मृत्यूच्या रीतीचा उलगडा मुख्यतः सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टन संस्थेत झाला. २०१० आणि २०१४ च्या तेथील शोधनिबंधांनुसार लसिका ऊतीत मरणाऱ्या सीडी४ पेशींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक पेशी विषाणूची निर्मिती करतच नव्हत्या. विश्रांत पेशीत विषाणू शिरतो, आपल्या जनुकांची प्रत काढू लागतो आणि मध्येच अडतो. ते अर्धवट तुकडे पेशीतील पहारेकरी प्रथिनाच्या लक्षात येतात, कॅस्पेज-१ हे विकर जागे होते आणि पेशी स्वतःच फुटते. तिच्यातून सांडलेली दाहक द्रव्ये नव्या पेशींना तेथे खेचून आणतात. त्यांचीही तीच गत होते. 'अ‍ॅपोप्टोसिस' या ग्रीक शब्दात पानगळ आहे, शांत आणि नीटनेटकी. या दुसऱ्या मरणाला 'पायरोप्टोसिस' म्हणतात, त्यात अग्नी आहे. हे प्रयोग मुख्यतः शस्त्रक्रियेत काढलेल्या टॉन्सिलवर झाले हे ध्यानात ठेवावे. दीर्घकाळ उत्तेजित राहिल्याने थकणारी प्रतिकारयंत्रणा हे कारणही त्याने रद्द होत नाही. तरीही शरीर विषाणूला अडवते आणि त्या अडवण्यातच स्वतःची नासाडी करून घेते, हे चित्र मला जुन्या 'शत्रूने सैनिक मारले' या चित्रापेक्षा अधिक खरे वाटते.

आता हाच हिशेब दवाखान्याच्या बाजूने पाहू. सरकारी मोफत औषधोपचार १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले, महाराष्ट्रात प्रथम मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूरहून मुंबई रेल्वेने जवळजवळ पाचशे किलोमीटर. एवढा प्रवास करून पोहोचलेल्या माणसाची लक्षणे गंभीर नसतील, तर रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये सीडी४ पेशी २०० च्या खाली गेल्याखेरीज औषध मिळत नसे. निरोगी माणसात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. औषधे महाग होती, त्यांचे दुष्परिणाम त्रासदायक होते, निधी तुटपुंजा होता. नियम निर्दयपणे केला होता असे म्हणता येणार नाही. पण त्याचा अर्थ असा, की तो माणूस खिशात चांगला आकडा घेऊन मलकापूरला परतत असे, आणि तो आकडा केवळ रक्तातला. शरीरातील बहुतेक लसिका पेशी रक्तात नसतातच. त्या ग्रंथींत आणि आतड्याच्या अस्तरात असतात, जेथे आग आधीच लागलेली असते.

पुढे ही मर्यादा ३५० झाली, मग ५००. दरम्यान २०११ मध्ये, पुणे आणि चेन्नई येथील केंद्रे ज्यात सहभागी होती अशा आंतरराष्ट्रीय चाचणीने, लवकर औषध घेतल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो असे दाखवले; २०१५ च्या 'स्टार्ट' चाचणीने खुद्द रुग्णाचा फायदा सिद्ध केला. धोरण बदलले ते या चाचण्यांमुळे. पेशींच्या मरणाच्या उलगड्याने त्याचे कारण समजण्यास मदत झाली एवढेच. २८ एप्रिल २०१७ पासून भारतात निदान होताच औषध सुरू करण्याचे ठरले. ज्यांना आकडा २०० खाली घसरेपर्यंत थांबावे लागले, त्यांच्यापैकी अनेकांच्या पेशी वर्षानुवर्षे औषध घेऊनही पूर्ववत भरून आलेल्या नाहीत.